हिरव्या भिंतीची पाठ

"वहिनी, पट्टीचं तोंड सगळेच बघतात. तुम्ही पाठ बघा," असं सुतारकाका मला म्हणाले होते. मी "हो, हो" म्हणून चहाचा कप पुढे केला होता.

ते आमच्या मधल्या खोलीत उकिडवे बसून भिंतीची मापं घेत होते. ती खोली चिऊसाठी करायची होती. चिऊ तेव्हा चौदा महिन्यांची. आमच्याच पलंगावर आडवी झोपायची आणि आम्हा दोघांना कडेवर ढकलायची. तिला तिची खोली, तिचा पाळणा-पलंग आणि पलंगामागे एक छानशी भिंत, एवढाच बेत होता. त्या भिंतीवर काय लावायचं ह्यावर मात्र मी चार महिने घालवले. फोनमध्ये तीनशेच्या वर फोटो साठले होते. सगळ्या फोटोंमध्ये उभ्या खाचांच्या, मंद करड्या-हिरव्या पट्ट्यांची भिंत आणि पुढ्यात एक पांढरा पलंग. त्या फोटोंमधली बाळं कधी रडत नसत. मला वाटतं मी भिंत शोधतच नव्हते, ते न रडणं शोधत होते.

काकांनी कानावरची पेन्सिल काढली आणि मला एक युक्ती सांगितली. "जे लावणार असाल त्याचा तुकडा घ्यायचा. काचेच्या बरणीत टाकायचा, झाकण घट्ट लावायचं, दिवसभर उन्हात ठेवायचं. दुसऱ्या दिवशी झाकण उघडून नाक लावायचं. भुसा दाबून, गोंद घालून बनवलेला माल असतो हा. गोंद बरा असला तर काही नाही. वाईट असला तर वर्षभर वाफ सोडत राहतो. चांगल्या मालाच्या पाठीवर तसा शिक्का असतो. आणि शिक्क्यावर विश्वास नसेल तर बरणी आहेच."

माझ्या मनात लगेच शंकेची पाल चुकचुकली. तशी ती पाल माझ्याकडे मुक्कामालाच असते. हा माणूस आपल्याला घाबरवतोय, म्हणजे ह्याचं कुठल्या तरी दुकानाशी ठरलेलं असणार, असं मी त्या संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं.

"अगं, त्यांनी दुकानाचं नावसुद्धा घेतलं नाही," तो म्हणाला.

"तेच तर. आज घेतलं नाही. उद्या घेतील."

"तू ना, देवमाणूस जरी दारात आला तरी त्याचं ओळखपत्र मागशील."

मी मागितलं असतं, ह्यात वाद नाही.

शेवटी भिंतीचं काम माझ्या नणंदेकडे गेलं. ती नवऱ्याची थोरली बहीण. घरांची अंतर्गत सजावट करणं हाच तिचा व्यवसाय. आम्ही तिला ताई म्हणतो. ताई नमुन्यांची पेटी घेऊन आली आणि पत्ते पिसावेत तसे तळहाताएवढे तुकडे जेवणाच्या टेबलावर मांडत गेली.

"चकचकीत आता संपलं," ती म्हणाली. "लोकांना मॅट हवंय. हात फिरवला की काहीतरी लागलं पाहिजे. दगडासारखं, विणलेल्या कापडासारखं, चुन्याच्या भिंतीसारखं. रंग मातकट. ह्या वर्षी करडा-हिरवा चाललाय, पुढच्या वर्षी विटकरी येणार."

"मग आपण पुढच्या वर्षीच करू या," नवरा म्हणाला.

"तू गप रे. तुझी आवड अजून होस्टेलच्या भिंतीतच अडकलीये."

मी करड्या-हिरव्याचा तुकडा उचलला. उभ्या खाचांवरून बोट फिरवलं. फोटोतली भिंत ती हीच. पाठ बघायला तो तुकडा उलटा करावा, हे तेव्हा डोक्यातही आलं नाही. सुतारकाकांना मी फोन करून सांगितलं की काम घरातल्या माणसाकडे दिलंय. ते एवढंच म्हणाले, "बरं. भिंत तुमची, पोर तुमचं." मला ते टोमण्यासारखं लागलं, आणि टोमणा लागला की समोरच्याचं काहीतरी बिनसलंय अशी माझी खात्रीच होते.

ताईच्या पॅनेलवाल्याने दोन दिवसांत भिंत उभी केली. अठरा पट्ट्या. इतकी सुंदर दिसत होती की मी दाराशी उभी राहून तिच्याकडे नुसती बघत बसायचे. चिऊने तिसऱ्याच दिवशी उजवीकडच्या पट्टीवर, आपला हात पोचेल तिथे, बदकाचं स्टिकर चिकटवलं. मी ते ओढून काढायला गेले तर चोच फाटून हातात आली आणि बदक तिथेच राहिलं. ताईने ते पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "एवढ्या फिनिशवर स्टिकर. आता ते जन्मात निघायचं नाही."

पंधरा दिवसांनी चिऊला खोकला सुरू झाला. साधा, कोरडा खोकला. दुपारच्या झोपेतून उठली की डोळे लाल, पापण्या चिकटलेल्या. डॉक्टर म्हणाल्या, ह्या वयात चालतंच, घरात कुणाला सर्दी आहे का? कुणालाच नव्हती. मी एक वही केली. किती वाजता खोकली, काय खाल्लं, कुणाजवळ होती. आठवड्याभरात वहीने मला एक गोष्ट दाखवली. खोकला दुपारी तीनच्या सुमारास वाढायचा. शनिवार-रविवारी आम्ही तिला घेऊन बाहेर पडायचो, तेव्हा नसायचाच.

दुपारी तीनला घरात कोण असतं? मी ऑफिसात. नवरा ऑफिसात. चिऊजवळ मावशी.

मावशी म्हणजे चिऊला सांभाळायला येणाऱ्या बाई. चिऊ सहा महिन्यांची असल्यापासून येत होत्या. मला त्यांच्याबद्दल तक्रार नव्हती. पण तक्रार नसणं हेही मला कधीकधी संशयास्पद वाटतं. एका मंगळवारी मी कुणाला न सांगता पावणेतीनला घरी आले. चावी हळू फिरवली. चिऊ तिच्या खोलीत नव्हतीच. बाहेरच्या खोलीत सतरंजीवर झोपली होती. आणि तिच्या खोलीची खिडकी सताड उघडी, रस्त्याची धूळ सरळ आत.

"मावशी, हे काय?"

"त्या खोलीत झोपवत नाही मी तिला आताशा. माझे डोळे चुरचुरतात तिथं. वास येतो."

"मावशी, तुम्हाला नवीन काही आलं की वास येतो. नव्या फ्रीजलाही वास येत होता म्हणालात."

"येतच होता."

"आणि ही धूळ? हिला खोकला कशाने होतोय, आता कळलं मला."

मी खिडकी लावली. कडीला पांढरा दोरा बांधला, माझी ठरावीक गाठ मारून. उघडली तर मला कळावं म्हणून. चिऊला तिच्याच पलंगावर झोपवायचं असं बजावलं. मावशी त्या दोऱ्याकडे बघत राहिल्या. चार दिवस आल्या. चिऊला त्या सांगितल्याप्रमाणे त्या खोलीत झोपवत होत्या, दोराही जसाच्या तसा होता, आणि खोकला वाढत होता. पाचव्या दिवशी त्यांनी चिऊचे कपडे घडी करून ठेवले, आणि म्हणाल्या, "दोरा बांधून जिथं माझी राखण करतात, तिथं मी पोर राखायची नाही."

मी रजा टाकली. आता संशय घ्यायला घरात फक्त मी उरले होते.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी चिऊच्या पलंगाशेजारी जमिनीवर बसले होते. खिडकी बंद, दोरा बांधलेला. तीन वाजता ऊन सरकत सरकत त्या भिंतीवर आलं. खाचांच्या सावल्या पडल्या. फोटोत पडतात तशाच. पाच मिनिटांत माझ्या नाकात काहीतरी टोचायला लागलं. नव्या बुटांच्या खोक्यासारखं, पण त्याहून तिखट. ओळखीचा वास. कुठला, ते आठवेना. मग आठवलं: कॉलेजची जीवशास्त्राची प्रयोगशाळा, मधल्या कपाटातल्या बरण्या, पिवळट पाण्यात हातपाय पसरून तरंगणारा बेडूक. शिपायाने झाकण उघडलं की पहिल्या बाकावरच्या मुली डोळे पुसत बाहेर पळायच्या. त्या बाकावर मीही होते.

मी चिऊला उचललं, बाहेर आले, आणि मागे दार लावून घेतलं.

मग सुतारकाकांची बरणी आठवली. ताईचा तो नमुन्याचा तुकडा मी जपून ठेवला होता. कॉफीच्या रिकाम्या बरणीत टाकला, झाकण लावलं, गच्चीत उन्हात ठेवला. दुसऱ्या दिवशी नाक लावलं. काही नाही. पुन्हा लावलं. जरासा लाकडाचा वास, बस्स. मला स्वतःची लाज वाटली. आधी काका, मग मावशी, आणि आता एक भिंतसुद्धा माझ्या तावडीतून सुटली नाही, असं वाटलं. तुकडा बरणीतून काढताना तो उलटा पडला. पाठीवर निळा शिक्का होता. कारखान्याचं चिन्ह, आकडा, आणि काकांनी सांगितलेली, वाफ कमी असल्याची खूण.

काम करून गेलेल्या पॅनेलवाल्याने उरलेले दोन-तीन तुकडे माळ्यावर टाकले होते. मी स्टूल घेऊन वर चढले. एक खाली घेतला. तोंडाकडून बघावं तर रंग तोच, खाचा त्याच, हाताला लागतं तेही तेच. दोन्ही तुकडे शेजारी ठेवून कुणी शपथेवर सांग म्हटलं असतं, तर मी सांगितलं असतं, एकाच झाडाची पानं. मग दोन्ही पालथे घातले. एकाच्या पाठीवर निळा शिक्का. दुसऱ्याची पाठ कोरी, भुरकट, हाताला भुसा लागणारी.

तो कोरा तुकडाही एका बरणीत घालून दिवसभर उन्हात ठेवला. ती दुसरी बरणी उघडायला मी चिऊला शेजारच्या काकूंकडे सोडून गेले. झाकण फिरवलं आणि मान मागे गेली. डोळ्यांतून पाणी. बेडूकच.

आता मला गुन्हेगार मिळाला होता, आणि तो घरातला होता. ताईला मी फोनवर काही बोलले नाही. "येऊन जा," एवढंच म्हटलं. ती आली तेव्हा टेबलावर दोन्ही तुकडे पालथे ठेवले होते, बरण्यांसकट.

"ताई, दाखवलं एक आणि लावलं एक?"

तिने दोन्ही तुकडे हातात घेतले. चेहरा उतरला, पण मी तेही नीट पाहत होते, खरंच उतरला की उतरवला. मग तिने पर्समधून फोन काढला आणि वर, वर, बरंच वर सरकवत नेऊन माझ्यापुढे धरला. तिचा निरोप होता: 'त्या कंपनीच्या मालाला सहा आठवडे लागतील. दुसऱ्या कारखान्याचं हुबेहूब तसंच लगेच मिळतंय. दिसायला फरक नाही. चालेल?' खाली माझं उत्तर. एक अंगठा. वेळ सकाळी सात वाजून चाळीस मिनिटं. त्या वेळी मी चिऊला मांडीवर घेऊन दूध पाजत असते. मोकळा असतो तो एक हात.

साऱ्या जगाची उलटतपासणी घेतली मी. तो अंगठा तेवढा राहून गेला.

"मीही पाठ बघितली नाही गं," ताई हळू म्हणाली. "शेड जुळवली, पोत जुळवला, खाचेची रुंदी मोजली. गिऱ्हाईक तेवढंच विचारतं, म्हणून आम्ही तेवढंच बघतो."

तिचं हे खरं होतं की पुढे केलेलं, मला अजून ठरवता आलेलं नाही. पण त्यानंतर तिने पॅनेलवाल्याला माझ्यासमोर फोन लावला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी भिंत उतरवायला लावली, हेही खरं.

पॅनेलवाल्याने फार छान काम केलं. एकेक पट्टी पातळ पातं घालून सोडवली, मध्ये कागद घालून एकावर एक रचली. मी बाहेरच्या खोलीत चिऊला घेऊन बसले होते. "मॅडम, हे नेऊ ना?" त्याने विचारलं. "न्या बाबा," मी म्हटलं, "माझ्या डोळ्यांसमोरून न्या." खिडकीचा दोरा मी दातांनी तोडला. भिंतीला साधा चुना लावून घेतला. नऊ दिवसांत चिऊचा खोकला थांबला. अकराव्या दिवशी ती दुपारी तीनला उठली, डोळे स्वच्छ, आणि भिंतीवर बदक शोधायला लागली.

मग मी सुतारकाकांकडे गेले. माफी मागायची म्हणून नाही, असं मी स्वतःला सांगत होते. बरणी दाखवायची होती. ते रंधा मारत होते. मी बरणी पुढे केली. त्यांनी झाकण जेमतेम उघडलं, हात लांब धरून वास घेतला आणि बंद केलं.

"उशिरा का होईना, नाक वापरलंत," ते म्हणाले. "पोर कसं आहे?"

"बरी आहे आता. काढून टाकली भिंत."

"चांगलं केलंत. काढलेला माल कुठाय?"

"पॅनेलवाल्याने नेला."

त्यांचा रंधा थांबला. "तोडून नेला की सोडवून?"

"सोडवून. एक कोपरा दुखावला नाही. कागद घालून रचला."

काकांनी पेन्सिल कानावर ठेवली. म्हणाले, "वहिनी, फेकायचा माल कुणी कागद घालून रचत नाही. तो पुन्हा लागला असणार. ह्या वर्षी त्याच रंगाला मागणी आहे म्हणतात ना?"

मी तिथूनच फोन लावला. पॅनेलवाला आधी गोड बोलला. "मॅडम, माल काय वाईट नव्हता. तुम्हालाच चालला नाही. एका पार्टीला हाच रंग हवा होता, आणि घाई होती."

"घाई कसली?"

"घरात बाळ येणार होतं त्यांच्या."

"कुठे आहे हे घर?"

"ते मला कसं माहीत असणार? मी दुसऱ्या ठेकेदाराला दिला. त्याने कुठे लावला, तो जाणे."

"त्या ठेकेदाराचा नंबर द्या."

"पाठवतो," म्हणाला. पाठवला नाही. त्यानंतर त्याने माझा फोन उचलला नाही, ताईचा उचलला नाही, काकांनी वेगळ्या नंबरावरून केला तेव्हा विषय कळताच ठेवून दिला. ज्याला खरंच माहीत नसतं तो असा फोन ठेवत नाही. मी ताईला तिच्या धंद्यातल्या सगळ्यांना विचारायला लावलं. काहींनी उत्तर दिलं नाही. एकीने लिहिलं, 'तुझी भावजय जरा जास्तच काळजी करते का?' करते. तेवढं तिचं बरोबर आहे.

मावशींच्या घरीही जाऊन आले. त्या परत येणार नाहीत, तसं त्यांनी सरळ सांगितलं. पण मी सगळं सांगितलं तेव्हा माझ्यापुढे पाण्याचा पेला ठेवून म्हणाल्या, "मी आमच्यातल्या बायकांना सांगून ठेवते. दिवसभर पोराजवळ आम्ही असतो. घरातला वास आधी आम्हालाच येतो. ऐकतं कोण ते बघायचं."

ह्याला सात आठवडे झाले. कुठल्या तरी घरात ते बाळ एव्हाना आलं असेल. त्याला चौदा महिन्यांची छाती नाही, इवलीशी छाती आहे. त्याची आई धूळ येऊ नये म्हणून खिडकी लावून घेत असेल, आणि दाराशी उभी राहून त्या भिंतीकडे बघत असेल. भिंत खरंच फार सुंदर दिसते.

म्हणून हे लिहिलं. तुमच्या भावाकडे, मैत्रिणीकडे, वरच्या मजल्यावर, नव्या बाळाच्या खोलीत उभ्या खाचांची करडी-हिरवी भिंत दिसली, तर दुपारी ऊन आत येतं त्या वेळी जा. बाळ बघायला आलो म्हणा. कुठल्या तरी पट्टीवर, जमिनीपासून दोन वितींवर, चोच नसलेलं बदक आहे का बघा. ते घासून काढलं असलं तरी तिथली जागा जराशी फिकट असेल. बदक नसलं तरी एक तुकडा मागून घ्या, पाठ बघा, बरणीत ठेवा. सांभाळणारी बाई खिडकी उघडी ठेवत असेल, तर तिचं आधी ऐका.

आणि ते बाळ झोपलं असेल तर दोन मिनिटं जवळ थांबा. कसा श्वास घेतंय, तेवढं बघून या.